खांदेदुखी व खांद्याची दुर्बलता

खांद्याच्या सांध्यात किंवा त्याच्या आसपास होणारी वेदना आणि तिच्याबरोबर अथवा तिच्यामागून येणारा हाताचा अशक्तपणा. ही एक स्वतंत्र व्याधी नसून अनेक व्याधींचे समान लक्षण आहे. वेदना तीन महिन्यांहून अधिक काळ टिकल्यास तिला सामान्यतः दीर्घकालिक म्हणतात. केस विंचरणे, सदऱ्याच्या बाहीत हात घालणे, वरच्या फळीवरील डबा काढणे, हात पाठीमागे नेणे यांसारख्या नित्याच्या क्रिया अवघड होतात. दुखऱ्या कुशीवर झोपता येत नसल्याने झोपमोड होते व पुष्कळदा त्यामुळेच रुग्ण वैद्याकडे येतो.

‘हात वर जात नाही’ ही रुग्णाची नेहमीची तक्रार असते. तिच्यामागे तीन निरनिराळ्या अवस्था असू शकतात : (१) वेदनेच्या भयाने रुग्ण हात उचलत नाही; (२) सांधा आखडल्यामुळे हात उचलला जात नाही; (३) हात उचलणारा स्नायू, त्याची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी चिवट पट्टी) किंवा त्याला चेतना पुरविणारी तंत्रिका (मज्जा) निकामी झाल्यामुळे शक्तीच उरलेली नसते. या तीन अवस्था वेगळ्या करणे हे निदानाचे पहिले कार्य होय. आखडलेला खांदा बहुधा काळाने सुटतो. तुटलेल्या कंडरेच्या किंवा दुखावलेल्या तंत्रिकेच्या बाबतीत मात्र वाया गेलेला काळ पुष्कळदा भरून काढता येत नाही. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या दोन रुग्णांना द्यावयाचा सल्ला त्यामुळे परस्परविरुद्ध असतो.

इतिहास : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या वर्णनात ‘अवबाहुक’ हा विकार आला आहे. खांद्याच्या ठिकाणी असलेला वायू तेथील बंधने शुष्क करतो व सिरा आकुंचित करतो, अशी त्याची उपपत्ती दिलेली आहे. आधुनिक वैद्यकात फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद सीमॉन द्यूप्ले यांनी १८७२ मध्ये सांध्याभोवतालच्या ऊतकांच्या शोथाचे (दाहयुक्त सुजेचे) वर्णन केले आणि खांद्याचे सर्व दुखणे सांध्यातील हाडांमुळे होत नाही, हे दाखवून दिले. बॉस्टन येथील अर्नेस्ट ॲमरी कॉडमन (१८६९–१९४०) यांनी तुटलेल्या कंडरेच्या दुरुस्तीची शस्त्रक्रिया १९११ मध्ये प्रसिद्ध केली. खांद्याच्या विकारांवरील त्यांचा ग्रंथ १९३४ मध्ये निघाला व त्यातूनच ‘गोठलेला खांदा’ ही संज्ञा रूढ झाली. प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा उपचाराचा अंतिम परिणाम कळेपर्यंत केला पाहिजे, असा कॉडमन यांचा आग्रह होता व त्यापायी त्यांना समव्यावसायिकांचा रोष पत्करावा लागला. आपोआप कमी-अधिक होणाऱ्या खांदेदुखीच्या बाबतीत या आग्रहाचे महत्त्व विशेष आहे, कारण त्यावाचून उपचाराचा गुण कोणता व काळाचा गुण कोणता हे ठरविता येत नाही.

संरचना व कार्य : खांदा हा शरीरातील सर्वांत अधिक हालचाल करणारा सांधा आहे. भुजास्थीचे (दंडाच्या हाडाचे) गोलाकार शीर्ष अंसफलकाच्या (खांद्याच्या फऱ्याच्या) उथळ खोबणीवर टेकलेले असते. ही खोबण इतकी लहान असते की, कोणत्याही एका वेळी शीर्षाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग तिच्या संपर्कात नसतो. हाडांच्या रचनेतून मिळणारे स्थैर्य कमी असल्यामुळे सांध्याची भिस्त मऊ ऊतकांवर राहते. यांत संधिकोश (सांध्याभोवतीची पिशवी), अस्थिबंध आणि चार लहान स्नायूंच्या कंडरांनी बनलेले वेष्टन यांचा समावेश होतो. ऊर्ध्वकंटक स्नायू हात बाजूला उचलण्यास साहाय्य करतो, अधःकंटक व लघुवर्तुळ हे स्नायू हात बाहेर वळवितात आणि अंसफलकाच्या पुढील पृष्ठावरील स्नायू हात आत वळवितो. या चौघांचे मुख्य कार्य बळ लावणे हे नसून, वरचा मोठा त्रिकोणी स्नायू हात उचलत असता भुजास्थीचे शीर्ष खोबणीच्या मध्यावर दाबून धरणे हे आहे. ते नसेल तर शीर्ष वर सरकते व त्रिकोणी स्नायूची ताकद वाया जाते.

हात डोक्यावर सरळ उचलण्याच्या सुमारे १८०° हालचालीपैकी साधारणतः १२०° हालचाल मुख्य सांध्यात व ६०° हालचाल अंसफलक छातीच्या पिंजऱ्यावरून सरकल्यामुळे होते. त्यामुळे मुख्य सांधा पूर्ण आखडला, तरी रुग्ण फरा उचलून हात थोडासा वर नेऊ शकतो आणि विकाराचे गांभीर्य झाकले जाते. या सर्व स्नायूंच्या तंत्रिका मुख्यतः मानेतील मेरुरज्जूपासून निघतात. पाचव्या व सहाव्या ग्रैव तंत्रिकामूलांवर मानेच्या मणक्यांत दाब पडला, तर दुखणे खांद्यात जाणवते. मान मात्र दुखेलच असे नाही.

कारणे : दीर्घकालिक खांदेदुखीची बहुसंख्य कारणे खांद्यातीलच असतात.

कंडरांचे विकार : चाळिशीनंतरच्या खांदेदुखीचे हे सर्वांत नेहमीचे कारण होय. वाढते वय, वारंवार हात डोक्याच्या वर नेऊन करावी लागणारी कामे (उदा., रंगकाम, गिलावा, भिंतीवरील विद्युत् जोडणी), ओझी वाहणे, धूम्रपान इत्यादींमुळे कंडरेची झीज होते. वेदना दंडाच्या बाहेरच्या अंगास जाणवते, हात बाजूने उचलताना ६०° ते १२०° या टप्प्यात वाढते व पुढे कमी होते. झिजलेली कंडरा कालांतराने अंशतः किंवा पूर्ण फाटू शकते. पडल्यामुळे किंवा जड वस्तू सावरताना बसलेल्या झटक्याने कंडरा एकाएकी तुटली, तर हात उचलण्याची शक्ती तत्काळ जाते. असा स्नायू हळूहळू मागे आक्रसतो, कृश होतो व त्याच्या तंतूंच्या जागी मेद साठतो. हा मेद पुढे कंडरा शिवली तरी सहसा नाहीसा होत नाही.

गोठलेला खांदा : या विकारात संधिकोश जाड होऊन आकसतो. तो बहुधा ४० ते ६० वर्षे वयात व पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. मधुमेही व्यक्तींत त्याचे प्रमाण कित्येक पटींनी जास्त असते [⟶ मधुमेह]. अवटू ग्रंथीचे विकार, खांद्याला झालेली इजा अथवा शस्त्रक्रियेनंतर हात दीर्घकाळ बांधून ठेवणे हीही कारणे आहेत. त्याच्या तीन अवस्था मानतात : प्रथम तीव्र वेदना, विशेषतः रात्री, नंतर वेदना कमी होऊन ताठरपणा, शेवटी हालचाल हळूहळू परत येणे. बी. रीव्ह्ज यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हा सर्व काळ सरासरी ३० महिने भरला होता. बहुतेक रुग्णांना कामापुरती हालचाल परत मिळते; काहींत किंचित दुखणे किंवा ताठरपणा वर्षानुवर्षे राहतो. काही रुग्णांत मधुमेहाचा पहिला सुगावा या खांद्यामुळेच लागतो.

सांध्याचे विकार : अपकर्षी संधिशोथ, संधिवाताभ शोथ, जत्रुकाच्या (गळपट्टीच्या हाडाच्या) टोकाशी असलेल्या लहान सांध्याची झीज इ. विकारांत वेदनेबरोबर सांध्यात घर्षण जाणवते. भारतात क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. खांद्याच्या क्षयाच्या ‘कोरड्या’ प्रकारात पू अथवा मोठी सूज नसते. ताठरपणा व स्नायूंची कृशता एवढेच दिसत असल्यामुळे त्याला गोठलेला खांदा समजण्याची चूक होते.

तंत्रिकांचे विकार : ग्रैव तंत्रिकामूलावरील दाबात वेदना बहुधा कोपराच्या खाली उतरते व बोटांत मुंग्या येतात. हात डोक्यावर ठेवल्यास काहींना आराम वाटतो. खांद्याच्या विकारात हीच स्थिती त्रासदायक असते. मोरिस पार्सोनेज व जॉन ऑल्ड्रन टर्नर यांनी १९४८ मध्ये सविस्तर वर्णन केलेल्या तंत्रिकाशूलजन्य अपुष्टीत रुग्णाला अचानक, बहुधा रात्री, असह्य वेदना सुरू होतात. त्या काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ओसरतात आणि त्याच सुमारास खांद्याचे काही स्नायू लुळे पडून वाळू लागतात. हा विकार कधीकधी संसर्गानंतर उद्‌भवतो. यकृतशोथाच्या ई प्रकाराशी त्याचा संबंध आढळून आला आहे. वेदना थांबल्यामुळे आपण बरे होत आहोत, असा रुग्णाचा समज होतो व दुर्बलता दुर्लक्षित राहते. मानेतील गाठ तपासणीसाठी काढताना तेथून जाणाऱ्या तंत्रिकेस इजा झाल्यास खांदा खाली ओघळतो व फरा पाठीवर पंखासारखा उचलला जातो.

दूरस्थ कारणे : मध्यपटलाची तंत्रिका मानेतील ज्या मूलांपासून निघते, त्याच मूलांशी खांद्यावरील त्वचेच्या संवेदनेचा संबंध असतो. त्यामुळे पित्ताशयशोथ, यकृतातील विद्रधी (गळू) इ. मध्यपटलास क्षोभ देणाऱ्या विकारांत वेदना उजव्या खांद्यात जाणवते. हृद्‌रोगाची वेदना विशेषतः डाव्या खांद्यात व दंडात येते. फुप्फुसाच्या शिखराच्या कर्करोगात दुखणे हाताच्या आतील अंगाने करंगळीपर्यंत पसरते, हाताचे लहान स्नायू वाळतात व त्या बाजूची पापणी खाली येते. खांद्याच्या हालचालीने वेदनेत काहीच फरक पडत नसेल, तर तिचे मूळ अन्यत्र शोधावे लागते. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे एकाच वेळी दुखू लागले व सकाळी बराच वेळ ताठरले, तर बहुस्नायुवेदना या शोथजन्य विकाराचा संशय घेतात. दोन्ही दंड व मांड्या अशक्त असतील, तर स्नायुविकार अथवा ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा अस्थिमार्दव यांचा विचार करतात.

निदान : निदानाचा मोठा भाग रुग्णाची हकीगत व हाताने केलेली तपासणी यांवर अवलंबून असतो. दुखणे केव्हा व कसे सुरू झाले, इजा झाली होती काय, रात्री झोपमोड होते काय, वेदना कोपराखाली जाते काय, मधुमेह आहे काय, तसेच रुग्णाचा व्यवसाय व उजवा-डावा हात यांची नोंद घेतात. रुग्णास कमरेपर्यंत उघडे करून पाठीमागून पाहणे आवश्यक असते, कारण फऱ्यावरील स्नायूंची कृशता पुढून दिसत नाही.

यानंतरची तपासणी अत्यंत सोपी व तितकीच निर्णायक आहे. प्रथम रुग्णाला स्वतः हात उचलण्यास व बाहेर वळविण्यास सांगतात. नंतर स्नायू सैल सोडावयास सांगून तीच हालचाल वैद्य करवितो. दोन्ही वेळा हालचाल सारखीच अडत असेल, तर सांधा आखडलेला आहे. कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळविण्याची क्रिया गोठलेल्या खांद्यात विशेषेकरून कमी झालेली असते. रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, परंतु वैद्याने उचलल्यास तो सहज वर जातो, असे आढळल्यास सांधा मोकळा असून दोष कंडरेत, स्नायूत किंवा तंत्रिकेत आहे. वैद्याने वर नेऊन सोडलेला हात रुग्णाला तेथे धरून ठेवता न येता खाली पडणे, हे मोठ्या कंडराभंगाचे लक्षण होय. वेदनेमुळे आलेली दुर्बलता खरी की भासमान, अशी शंका असल्यास सांध्यावरील अवकाशात स्थानिक संवेदनाहारक औषध टोचून शक्ती पुन्हा तपासतात. वेदना गेल्यावर शक्ती परत आली, तर कंडरा बहुधा शाबूत असते. मानेची हालचाल, हाताच्या प्रतिक्षेपी क्रिया व त्वचेची संवेदना यांची तपासणी वगळता येत नाही.

क्ष-किरण चित्रात हाडांची झीज, अस्थिभंग, कंडरेतील कॅल्शियमाचा संचय, क्षय व अर्बुद दिसू शकतात; गोठलेल्या खांद्यात ते बहुधा प्राकृत असते. विजेचा धक्का किंवा अपस्माराचा झटका यांमुळे भुजास्थी मागील बाजूस निखळल्यास केवळ समोरून घेतलेल्या चित्रात ते चुकण्याचा संभव असतो. त्यासाठी काखेच्या दिशेने दुसरे चित्र घ्यावे लागते. श्राव्यातीत ध्वनितरंगांची तपासणी (सोनोग्राफी) व चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन (एमआरआय) यांनी कंडरेची अवस्था कळते. तंत्रिकाविकाराचा संशय असल्यास स्नायूंचे विद्युत् आलेखन करतात. तंत्रिकेस इजा झाल्यापासून सुमारे तीन आठवडे होईपर्यंत त्यातील बदल स्पष्ट होत नाहीत. रक्तशर्करा तपासणे बहुतेक रुग्णांत इष्ट असते.

प्रतिमेत दिसणारा दोष हेच वेदनेचे कारण असते असे नाही. खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ व्यक्तींच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाहणीत ३४ टक्के व्यक्तींच्या कंडरा अंशतः किंवा पूर्ण फाटलेल्या आढळल्या. साठीनंतर हे प्रमाण ५४ टक्के होते. म्हणून तपासणीपत्रातील ‘फाटलेली कंडरा’ या शब्दांवरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येत नाही. ती फाट जुनी की नवी, इजेनंतरची की वयोमानाने आलेली आणि तिच्या जोडीला खरी दुर्बलता आहे की नाही, यांवर तो अवलंबून असतो.

उपचार : कंडरांच्या दीर्घकालिक विकारांत प्रथम कामाच्या पद्धतीत बदल, अल्पकाळ वेदनाशामक औषधे व क्रमाक्रमाने वाढविलेले व्यायाम यांचा अवलंब करतात. व्यायामाचे फळ दिसण्यास बहुधा सहा ते बारा आठवडे लागतात. ब्रिटनमध्ये ७०८ रुग्णांवर केलेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तज्ञाच्या देखरेखीखाली अनेक वेळा करवून घेतलेले व्यायाम आणि एकदाच नीट समजावून दिलेले घरगुती व्यायाम यांच्या एका वर्षाच्या परिणामांत फरक आढळला नाही. ज्यांना शहरातील भौतिकी चिकित्सा केंद्रात वारंवार जाणे परवडत नाही, अशा रुग्णांच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. कॉर्टिकोस्टेरॉइडाच्या अंतःक्षेपणाने काही आठवडे आराम मिळतो. ते वारंवार देणे कंडरेस अपायकारक ठरू शकते. मधुमेही व्यक्तींत त्यानंतर काही दिवस रक्तशर्करा वाढते. कंडरेवरील हाडाचा भाग तासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया एके काळी फार प्रचलित होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ती केवळ दुर्बिणीने सांधा पाहण्यापेक्षा अधिक गुणकारी ठरली नाही. त्यामुळे तिचे महत्त्व पुष्कळ कमी झाले आहे.

इजेमुळे एकाएकी तुटलेल्या कंडरेचा प्रश्न वेगळा आहे. कार्यक्षम व्यक्तीत पडल्यानंतर हात उचलण्याची शक्ती गेली असेल, तर काही आठवड्यांतच अस्थिशल्यविशारदाचा सल्ला घेणे आवश्यक असते. स्नायू मेदमय होण्यापूर्वी केलेली दुरुस्ती अधिक यशस्वी होते. चाळिशीनंतर निखळलेला खांदा बसविल्यावरही हात उचलता येत नसेल, तर कंडराभंग किंवा तंत्रिकेची इजा आहे असे समजून शोध घेतात; ‘मार बसल्यामुळे दुखत असेल’ असे मानून थांबणे चुकीचे ठरते. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या कंडरेमुळे सांधा खराब झालेल्या वयस्क रुग्णांत चेंडू व खोबण यांची जागा उलट केलेला कृत्रिम सांधा बसवितात. त्याची कल्पना फ्रान्समधील पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. त्यात त्रिकोणी स्नायू एकट्याने हात उचलू शकतो.

गोठलेल्या खांद्यात पहिल्या अवस्थेत वेदनाशमन, सांध्यातील अंतःक्षेपण व वेदनेच्या मर्यादेतील हलके व्यायाम देतात. या अवस्थेत हात जोराने ओढणे किंवा रगडून मालीश करणे यांमुळे वेदना वाढते. हाडे ठिसूळ असल्यास हात ओढताना अस्थिभंगही होऊ शकतो. दीर्घकाळ सुधारणा न झाल्यास भूल देऊन सांधा मोकळा करणे किंवा दुर्बिणीतून संधिकोश सोडविणे हे मार्ग आहेत. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवरील २०२० च्या चाचणीत हे दोन मार्ग व अंतःक्षेपणासह भौतिकी चिकित्सा यांपैकी कोणताही एक निर्णायकपणे श्रेष्ठ ठरला नाही.

मानेतील दाब, क्षय, संसर्ग, अर्बुद इत्यादींवर मूळ रोगानुसार उपचार करतात. तंत्रिकाशूलजन्य अपुष्टीत शक्ती परत येण्यास अनेक महिने ते काही वर्षे लागतात व काहींत ती अपुरी येते. तोवर सांधा आखडू न देणे हे मुख्य उद्दिष्ट असते.

त्वरित सल्ल्याची लक्षणे : पुढील लक्षणांत वाट पाहणे धोक्याचे असते : इजेनंतर हात उचलण्याची शक्ती जाणे, सांध्याचा आकार बदलणे, ताप, लाली व सूज, सायंकाळी येणारा ज्वर व वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, स्नायू वाळत जाणे किंवा दुर्बलता वाढत जाणे, चालण्यात अडखळ अथवा मलमूत्रावरील ताबा सुटणे, दोन्ही खांदे दुखत असता नवी डोकेदुखी किंवा दृष्टिदोष, श्रमाने वाढणारी अथवा घाम व धाप यांसह येणारी डाव्या खांद्यातील वेदना. शेवटच्या दोन प्रसंगी तर काही तासांचा विलंबही अनिष्ट असतो.

ही लक्षणे नसल्यास सुमारे सहा आठवडे साधे उपचार करून पाहण्यास हरकत नसते. त्यानंतर सुधारणा नसेल, तर पुन्हा तपासणी करवून घ्यावी. कोणती हालचाल कोणत्या तारखेस किती होत होती, याची रुग्णाने ठेवलेली साधी नोंद अशा वेळी उपयोगी पडते, कारण महिन्यामागून महिना चाललेल्या दुखण्यात सुधारणा किंवा ऱ्हास स्मरणावरून सांगता येत नाही. वेदना कमी झाली, परंतु शक्ती परत आली नाही, तर उपचार पूर्ण झाले असे समजू नये. तशा स्थितीत दुर्बलतेच्या कारणाचा शोध नव्याने घ्यावा लागतो.